मनोरा नसलेल्या विमानतळावर धावपट्टी कोणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने प्रशिक्षणार्थी वैमानिक, नुकताच परवाना मिळालेले वैमानिक आणि लहान विमानतळांवर काम करणारे कर्मचारी विचारतात. नियमांचा गाभा सगळीकडे जवळपास सारखा असला, तरी तपशील देशागणिक बदलतात. म्हणून उड्डाणाआधी त्या देशाचे आणि त्या विशिष्ट विमानतळाचे प्रकाशित नियम वाचणे आवश्यक आहे.

नियंत्रण मनोरा नसलेला विमानतळ म्हणजे नेमके काय?

जिथे उड्डाणाची किंवा उतरण्याची परवानगी देणारा नियंत्रक नसतो, तो विमानतळ या वर्गात मोडतो. असे विमानतळ अपवादात्मक आहेत असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. एकट्या अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि त्यांपैकी जेमतेम ५०० हून थोड्या अधिक ठिकाणी मनोरा आहे. काही विमानतळांवर मनोरा दिवसा चालतो आणि रात्री बंद होतो. तो बंद झाला की तोच विमानतळ अनियंत्रित ठरतो.

काही देशांत अशा ठिकाणी माहिती सेवा देणारा अधिकारी असतो. तो वाऱ्याची दिशा, वापरात असलेली धावपट्टी आणि त्याला माहीत असलेली इतर विमाने सांगतो, परंतु कोणी आधी उतरायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याच्या तोंडून ‘धावपट्टीवर कोणी दिसत नाही’ एवढे ऐकून त्यालाच परवानगी समजणारे वैमानिक आढळतात. ती माहिती आहे, परवानगी नव्हे. निर्णयाची जबाबदारी संपूर्णपणे विमानात बसलेल्या माणसाचीच राहते.

मग धावपट्टीवर पहिला हक्क कोणाचा?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट २ मध्ये याचे मूळ सूत्र आहे: हवेतील किंवा जमिनीवरील इतर विमानांनी, उतरत असलेल्या अथवा उतरण्याच्या अंतिम टप्प्यात असलेल्या विमानाला वाट द्यावी. दोन विमाने एकाच वेळी उतरायला येत असतील, तर जास्त उंचीवरच्याने कमी उंचीवरच्याला पुढे जाऊ द्यावे; मात्र खालच्याने या सवलतीचा फायदा घेऊन, अंतिम टप्प्यात असलेल्या दुसऱ्या विमानाच्या पुढे घुसू नये. इंजिन असलेल्या विमानाने ग्लायडरला वाट द्यावी, आणि एखाद्याला नाइलाजाने उतरावे लागत आहे हे कळल्यावर बाकी सर्वांनी त्याला मोकळी वाट करून द्यावी.

अमेरिकेच्या नियमांत आणखी एक महत्त्वाची पुस्ती आहे. फायनलवरच्या, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरायला येत असलेल्या, विमानाला अग्रहक्क असला, तरी जे विमान नुकतेच उतरून धावपट्टी मोकळी करण्याच्या प्रयत्नात आहे, त्याला बाहेर हुसकावण्यासाठी तो हक्क वापरता येत नाही. मागून येणाऱ्याची घाई पाहून समोरचा नवशिका वैमानिक जास्त वेगात वळण घेऊन धावपट्टीबाहेर जाण्याचा प्रयत्न करतो आणि त्यात विमान घसरू शकते, त्यामुळे ही पुस्ती केवळ शिष्टाचाराची बाब नाही.

अग्रहक्काचा नियम पाठ असणे आणि समोरच्याला तो मान्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्याने आपल्याला पाहिलेच नसेल, तर आपला हक्क कागदावरच राहतो.

विमाने एकमेकांच्या आड येण्याचे प्रसंग कोणत्या प्रकारचे असतात?

सर्वांत नेहमीचा प्रसंग म्हणजे फायनलवर विमान असताना दुसऱ्याने टेकऑफसाठी धावपट्टीवर शिरणे. दुसरा प्रकार एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांचा: एक विमान एका पट्टीवर उतरत असते, दुसरे दुसऱ्या पट्टीवरून उड्डाण घेते आणि दोघांची गाठ छेदबिंदूवर पडते. अशा ठिकाणी इमारती, झाडे किंवा जमिनीचा चढउतार यांमुळे एका टोकावरून दुसरे टोक दिसतच नाही, म्हणून हा प्रकार मला सर्वांत फसवा वाटतो. तिसरा प्रकार वारा पडलेला असताना घडतो. वारा असेल तर सगळे वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरतात. तो नसेल तर एकाला पूर्वेकडचे टोक सोयीचे वाटते, दुसऱ्याला पश्चिमेकडचे, आणि दोन्ही विमाने एकाच पट्टीवर समोरासमोर येतात. याखेरीज फायनलवर एकाच्या डोक्यावर दुसरे विमान येणे, वेगवान विमानाने संथ विमानाला मागून गाठणे, आणि उतरलेल्या विमानाला टॅक्सी-वे (धावपट्टीकडे ये-जा करण्याचा रस्ता) नसल्यामुळे धावपट्टीवरूनच उलटे चालत यावे लागणे, हेही प्रसंग वारंवार घडतात.

सगळे रेडिओवर बोलत असतील, तरी धोका कसा राहतो?

या प्रश्नाचे उत्तर इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी झालेल्या अपघातात आहे. युनायटेड एक्सप्रेसचे बीचक्राफ्ट १९०० सी हे प्रवासी विमान धावपट्टी १३ वर उतरायला येत होते. तिला छेदणाऱ्या धावपट्टी ०४ च्या टोकाशी एक किंग एअर विमान उभे होते आणि त्याच्या मागे एक लहान पायपर चेरोकी आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी आपण कोठून येत आहोत हे सांगितले आणि धावपट्टी ०४ वरचे विमान थांबणार आहे का, असे स्पष्ट विचारलेही. उत्तर आले, पण ते किंग एअरकडून नव्हे, तर मागे उभ्या असलेल्या चेरोकीकडून आले. नेमक्या त्याच वेळी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये उंची सांगणारा यंत्राचा आवाज झाला आणि उत्तराचा काही भाग त्यात बुडाला. किंग एअर थांबणार आहे, अशी त्या वैमानिकांची समजूत झाली. किंग एअरने टेकऑफ सुरू केला आणि छेदबिंदूवर दोन्ही विमाने धडकली. प्रवासी विमानातील माणसे धडकेतून वाचली होती, परंतु दार उघडता आले नाही आणि आग पसरली. दोन्ही विमानांतील सर्व १४ जण मृत्युमुखी पडले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य कारण म्हणून किंग एअरमधील वैमानिकांकडे बोट दाखवले: त्यांनी सामाईक फ्रिक्वेन्सीकडे पुरेसे लक्ष दिले नाही किंवा इतर विमानांसाठी नीट नजर फिरवली नाही. चेरोकीच्या अर्धवट ऐकू आलेल्या उत्तरातून झालेला गैरसमज हे साहाय्यक कारण मानले गेले.

हा अपघात इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की यात रेडिओ बंद नव्हता, फ्रिक्वेन्सी चुकलेली नव्हती आणि प्रश्नही योग्य विचारला गेला होता. चुकले ते एवढेच, की ज्याच्याकडून उत्तर हवे होते त्याच्याकडून ते आले नाही आणि हे कोणाच्या ध्यानात आले नाही. रेडिओवरून आपल्याला धावपट्टीची अवस्था कळत नाही. धावपट्टीविषयी कोणाची तरी समजूत कळते. ती समजूत चुकीची असू शकते, तिचा अर्धाच भाग आपल्या कानावर पडू शकतो, किंवा दोघांनी एकाच क्षणी बटण दाबल्यामुळे नुसती शिट्टीसारखी खरखर ऐकू येऊ शकते. रेडिओवरच्या शांततेचा तर काहीच अर्थ लावता येत नाही.

रेडिओवर काय सांगावे आणि केव्हा?

अमेरिकेत साधारण १० सागरी मैलांवरून ऐकायला आणि आपली जागा सांगायला सुरुवात करण्याची शिफारस आहे. त्यानंतर सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्यापूर्वी धावपट्टीभोवती घ्यायच्या आयताकृती फेरीत, डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाणारी बाजू), बेस (फायनलआधीची आडवी बाजू) आणि फायनलला वळताना, आणि उतरल्यावर धावपट्टी मोकळी केल्यानंतर सांगावे. निघताना टॅक्सी (जमिनीवरून चालणे) सुरू करण्याआधी आणि धावपट्टीवर शिरण्याआधी सांगावे. एकच फ्रिक्वेन्सी आसपासचे अनेक विमानतळ वापरत असतात, म्हणून विमानतळाचे नाव संदेशाच्या सुरुवातीला आणि पुन्हा शेवटी घ्यावे. पहिला शब्द कापला गेला तरी शेवटचा ऐकू येतो.

संदेशात विमानाचा प्रकार किंवा रंग सांगितला तर ऐकणाऱ्याला शोधायला सोपे जाते. नोंदणी क्रमांक इतक्या दुरून कोणाला वाचता येत नाही, परंतु पांढरे, खालच्या पंखांचे विमान नजरेला सापडते. ‘या परिसरात जे कोणी असतील त्यांनी कळवावे’ असे मोघम आवाहन मात्र करू नये. त्याने सगळे एकदम बोलू लागतात आणि फ्रिक्वेन्सी जाम होते; अमेरिकेच्या अधिकृत वैमानिक-मार्गदर्शिकेतही ते वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. विशिष्ट विमानाला प्रश्न विचारायचा असेल, तर त्याच विमानाचे नाव घेऊन विचारावा आणि उत्तरात तेच नाव ऐकू येईपर्यंत उत्तर मिळाले असे धरू नये.

धावपट्टीचा क्रमांक चुकीचा सांगितला तर खरोखर इतका फरक पडतो का?

पडतो. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या चुंबकीय दिशेचे अंश जवळच्या दहाच्या पटीत घेऊन शेवटचे शून्य गाळलेला आकडा. त्यामुळे एकाच पट्टीच्या दोन टोकांच्या क्रमांकांत १८ चा फरक असतो, जसे ०९ आणि २७. घाईत उलट टोकाचा क्रमांक तोंडून जाणे सहज शक्य आहे.

ऑस्ट्रेलियातील मिल्ड्युरा विमानतळावर जून २०२३ मध्ये असाच एक प्रसंग घडला. एका लहान पायपर विमानाचा वैमानिक धावपट्टी ३६ वर असताना रेडिओवर ३५ असे सांगत होता. ३५ क्रमांकाची धावपट्टी मिल्ड्युराला नाही. त्यात रेडिओवर अडथळेही येत होते. तिथूनच निघत असलेल्या डॅश ८ प्रवासी विमानाच्या वैमानिकांना वाटले, की हे विमान मिल्ड्युराला नसून दुसरीकडे कुठेतरी आहे. दोन्ही विमानांनी एकमेकांना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवरून टेकऑफ सुरू केला. टक्कर टळली. तपासात पुढे आलेली दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते: जमिनीचा उंचसखलपणा आणि इमारती यांमुळे त्या धावपट्ट्यांच्या टोकांवर उभी असलेली विमाने एकमेकांना दिसत नव्हती, आणि टेकऑफची धाव सुरू करताना ‘निघत आहे’ असे सांगण्याची सक्तीही नव्हती. जिथे टोकापासून टोक दिसत नाही, तिथे नियमात असो वा नसो, धाव सुरू करण्याआधीचा तो एक संदेश द्यावाच.

एखाद्या विमानात रेडिओच नसेल तर?

अनेक देशांत अनियंत्रित विमानतळावर रेडिओ नसलेले विमान कायदेशीरपणे उतरू शकते. जुनी विमाने, काही ग्लायडर, शेतांवर फवारणी करणारी काही विमाने या गटात येतात. बंद पडलेला रेडिओ, चुकून दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर राहिलेला वैमानिक आणि आवाज पूर्ण खाली केलेला हेडसेट यांचा परिणामही तोच असतो: विमान तिथे असते, पण रेडिओवर त्याचा पत्ता लागत नाही.

सर्किट न करता सरळ फायनलने येणे चूक आहे का?

बेकायदेशीर नाही, परंतु बाकीच्यांना अडचणीत टाकणारे ठरू शकते. ठरावीक सर्किटचा खरा उपयोग असा, की कोणते विमान कुठे शोधायचे हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. वेगळे काही प्रकाशित नसेल तर वळणे डावीकडे, सर्किटची उंची बहुधा जमिनीपासून १,००० फूट, मोठ्या किंवा टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी १,५०० फूट. सरळ येणारे विमान या शोधाच्या चौकटीबाहेरून येते.

कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे १८ ऑगस्ट २०२२ रोजी एक सेसना १५२ सर्किटमध्ये सराव करत होते आणि दोन इंजिनांचे सेसना ३४० सरळ फायनलने येत होते. दोघेही रेडिओवर बोलत होते. मोठे विमान सुमारे १८० नॉट वेगाने, म्हणजे मिनिटाला ३ सागरी मैल या गतीने आले. एवढ्याच वेळात सेसना १५२ साधारण एक मैल पुढे सरकते. मागचे विमान भलत्या वेगाने येत आहे हे लक्षात आल्यावर लहान विमानाच्या वैमानिकाने गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर चढणे) करत असल्याचे सांगितलेही, पण तोवर उशीर झाला होता. टक्कर झाली आणि तीन जणांचा मृत्यू झाला.

‘फायनल, तीन मैल’ असे ऐकल्यावर प्रत्येक जण आपल्या स्वतःच्या विमानाच्या वेगाने हिशेब करतो. संथ विमानाच्या वैमानिकाला तीन मैल म्हणजे तीन मिनिटे वाटतात. येणाऱ्याला मात्र एकच मिनिट लागणार असते. म्हणून सरळ यायचेच असेल, तर अंतराबरोबर किती मिनिटांत पोहोचणार हेही सांगावे, वेग आधीच उतरवावा, आणि सर्किटमध्ये विमाने असतील तर सरळ येण्याचा हट्ट सोडून त्यांच्या मागे रांगेत लागावे.

एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची परवानगी दिली असेल, तर धावपट्टी राखून ठेवलेली असते का?

नाही. दूरचा नियंत्रक उपकरण नियमांखाली उडणाऱ्या विमानांना एकमेकांपासून वेगळे ठेवतो. डोळ्यांनी पाहून उडणारी विमाने त्याच्या हिशेबात असतीलच असे नाही, आणि धावपट्टीवर कोण आहे हे त्याला दिसत नाही. उपकरण पद्धतीने येणारे वैमानिक ढगांतून बाहेर पडेपर्यंत नियंत्रकाशीच बोलत राहतात आणि स्थानिक फ्रिक्वेन्सीवर फार उशिरा येतात. आल्यावरही नकाशावरील बिंदूचे नाव घेऊन ‘अमुक बिंदू पार केला’ असे सांगतात, जे सर्किटमधल्या प्रशिक्षणार्थ्याला अजिबात कळत नाही. त्याऐवजी ‘उत्तरेला पाच मैल, सरळ येत आहे’ असे सांगावे. निघणाऱ्यांची अडचण वेगळी असते. ठरावीक वेळेच्या आत उड्डाण झाले नाही तर परवानगी रद्द होते, आणि घड्याळाकडे पाहत धावपट्टीवर शिरणाऱ्याची फायनलकडची नजर तोकडी पडते.

डोळ्यांवर कितपत विसंबता येते?

डोळे अपरिहार्य आहेत, पण त्यांच्या मर्यादा माहीत असायला हव्यात. टक्करीच्या मार्गावर असलेले विमान काचेवर एकाच जागी स्थिर दिसते, सरकत नाही. आणि मानवी नजर हालचाल चटकन टिपते, स्थिर ठिपका टिपत नाही. तो ठिपका शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठा होतो. विमान दिसल्यापासून धोका ओळखून, निर्णय घेऊन, विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत सुमारे १२.५ सेकंद लागतात, असे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनात दिले आहे.

त्यातच विमानाची बांधणी आड येते. वर पंख असलेले विमान वळते तेव्हा आतल्या बाजूचा पंख खाली झुकतो आणि नेमकी फायनलची दिशा झाकली जाते. खाली पंख असलेल्या विमानाला आपल्या पोटाखालचे काही दिसत नाही. वरचे विमान खालच्या पंखांचे आणि खालचे विमान वरच्या पंखांचे असेल, तर फायनलवर दोघे एकमेकांना अदृश्य राहून एकाच बिंदूकडे उतरत राहू शकतात. म्हणून वळण्याआधी पंख क्षणभर उचलून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

धावपट्टीवर शिरण्याआधी नेमके काय करावे?

होल्डिंग पॉइंटवर (धावपट्टीवर शिरण्याआधी थांबायच्या जागी) विमान धावपट्टीला काटकोनात उभे न करता, फायनलची दिशा समोरच्या काचेतून दिसेल असे तिरके करावे. फायनल पाहावी, बेस पाहावी, आणि मग विरुद्ध टोकाची फायनलही पाहावी. हे शेवटचे बहुतेक जण गाळतात. जागा असेल तर विमान जमिनीवरच पूर्ण गोल फिरवून चहूकडचे आकाश पाहता येते. धावपट्टीवर शिरल्यावर तिथे उभे राहून यादी तपासत बसू नये. फायनलकडे पाठ करून उभ्या असलेल्या वैमानिकाला मागून येणारे काहीही दिसत नाही. फायनलवरचे विमान किती दूर आहे याचा अंदाज येत नसेल, तर त्याला उतरू द्यावे. दोन मिनिटे थांबल्याने कोणाचेच नुकसान होत नाही.

एडीएस-बी आणि टक्कररोधक यंत्रणा असताना एवढी काळजी कशासाठी?

एडीएस-बी या, विमानाची जागा आपोआप प्रसारित करणाऱ्या उपकरणामुळे इतर विमाने पडद्यावर दिसतात आणि त्याचा फायदा मोठा आहे, विशेषतः विमानतळाकडे येताना दुरूनच चित्र तयार करण्यासाठी. परंतु ते उपकरण नसलेले विमान पडद्यावर येत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून ते सक्तीचे झाले, तेही ठरावीक हवाई क्षेत्रांतच; बहुसंख्य लहान विमानतळ त्या क्षेत्रांबाहेर आहेत. प्रवासी विमानांतील टक्कररोधक यंत्रणा ‘वर चढा’, ‘खाली उतरा’ अशा सूचना देते, पण जमिनीपासून सुमारे १,००० फुटांच्या खाली त्या सूचना मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात. सर्किटची उंची साधारण तेवढीच असते. शिवाय पडद्याकडे पाहणारा वैमानिक तेवढा वेळ बाहेर पाहत नसतो.

फायनलवर असताना समोर कोणी धावपट्टीवर शिरले तर?

गो-अराउंड करावा, आणि तो लवकर करावा. वाद घालण्यासाठी रेडिओचे बटण दाबू नये. आधी विमान सांभाळावे, मग काय करत आहोत ते सांगावे. शिरलेले विमान टेकऑफ करणार असेल, तर सरळ चढत राहिल्यास ते आपल्या पोटाखालून वर येऊ शकते. म्हणून शक्य तिथे धावपट्टीच्या एका बाजूला, सर्किट ज्या बाजूला नाही तिकडे, थोडे सरकून चढावे आणि खालचे विमान नजरेत ठेवावे. एकमेकींना समांतर दुसरी धावपट्टी असेल, तर तिच्यावर जाणार नाही हे पाहावे.

वाहने आणि प्राण्यांचे काय?

गवत कापणारी यंत्रे, दिवे दुरुस्त करणारी वाहने आणि कुंपण ओलांडून आलेली जनावरे ही लहान विमानतळांवरची नेहमीची बाब आहे. धावपट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक वाहनात त्या फ्रिक्वेन्सीचा रेडिओ आणि फिरता दिवा असावा. चालकाने रेडिओवर काही ऐकू येत नाही म्हणून आत न जाता, दोन्ही टोकांच्या फायनलकडे पाहूनच आत जावे.

सगळीकडे मनोरे का उभारत नाहीत?

दिवसाला मोजकीच विमाने येणाऱ्या ठिकाणी प्रशिक्षित नियंत्रकांच्या पाळ्या चालवणे परवडत नाही. कॅमेऱ्यांच्या आधारे दूरवरून नियंत्रण देण्याचा मार्ग आता उपलब्ध आहे. स्वीडनमधील अर्न्शेल्ड्सविक विमानतळाला २०१५ पासून सुंड्सवाल येथून अशी सेवा मिळू लागली. तरीही बहुतेक लहान विमानतळ पुढची अनेक वर्षे अनियंत्रितच राहतील, असे माझे मत आहे. तिथे कमी खर्चात करण्यासारखे बरेच आहे: दृष्टी अडवणारी झाडे छाटणे, सर्किटची दिशा ठळकपणे प्रकाशित करणे, वारा नसताना कोणती धावपट्टी वापरायची हे ठरवून देणे, आणि छेदणाऱ्या धावपट्ट्या असतील तर टेकऑफपूर्व संदेश सक्तीचा करणे.

थोडक्यात बचावल्यावर काय करावे?

कोणाला इजा झाली नाही म्हणून प्रसंग सोडून देऊ नये. आधी जमिनीवर त्या दुसऱ्या वैमानिकाशी शांतपणे बोलावे. त्याला काय ऐकू आले आणि काय दिसले हे कळल्याशिवाय काय घडले याचे अर्धेच चित्र हाती असते. नंतर लेखी नोंद करावी. ज्या प्रसंगांची माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे, ते तपास यंत्रणेला कळवावे लागतात. बाकीच्यांसाठी अनेक देशांत नाव गुप्त ठेवणाऱ्या ऐच्छिक योजना आहेत. अमेरिकेतील अशी योजना १९७६ पासून नासा चालवते, म्हणजे नियम मोडल्याची कारवाई करणाऱ्या यंत्रणेपासून ती वेगळी आहे. नोंदीत वेळ, धावपट्टी, वारा आणि रेडिओवर प्रत्यक्ष ऐकलेले शब्द लिहावेत, आणि विमानतळ व्यवस्थापनालाही कळवावे. कुठले झाड आड आले, कुठल्या वळणावर रेडिओ ऐकू येत नाही, हे सुधारणे त्यांच्याच हातात असते.